मापमहाराज आणि बेवारस धूर

पाववाल्याच्या कमरेचं माप शेहेचाळीस इंच भरलं, तेव्हा सभागृहात कुणाला काहीच वाटलं नाही. पाववाल्याकडे नुसतं पाहून तेवढं कुणीही सांगितलं असतं. मग महाराजांनी डोळे मिटले, उदबत्त्यांच्या धुरातून हात फिरवला आणि पुटपुटले, "धुरा धुरा, हो पुरा, कमरेवरचा उतर भारा." पुन्हा पट्टी गुंडाळली. चव्वेचाळीस.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "उतरलं!" त्याबरोबर सगळं सभागृह उभं राहिलं. न्हावी खुर्चीवर चढला. ग्रंथपालबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. पाववाला स्वतःच्या पोटाकडे असा बघत राहिला, जणू ते त्याला न विचारता कुठेतरी जाऊन आलं असावं.

ही पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यातली बरीच माणसं आता नाहीत, म्हणून मला निवांतपणे खरं सांगता येतं. सभागृह होतं लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर कपडे उकळत, त्यामुळे वरची फरशी कोमट असायची. थंडी अजून पुरती सरली नव्हती. महाराजांच्या गर्दीत भक्ती किती आणि पाय शेकायला आलेले किती, याचा हिशेब कुणी केला नाही.

महाराजांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यांना मापमहाराज म्हणायचे, पण घरात, आणि तेही हळू. बुधवारी ते बायकांसाठी बसत, रविवारी सगळ्यांसाठी. ज्यांनी विडी-सिगारेट सोडली आणि ज्यांचं पोट सुटलं, अशांचे ते खास तारणहार होते. त्या वर्षी असे पुष्कळ निघाले, कारण आमच्या रस्त्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी हात धुऊन सगळ्यांच्या पाठीमागे लागून धूम्रपान सोडवलं होतं. म्हणजे पीक डॉक्टरीणबाईंनी काढलं आणि कापणीला आले महाराज.

त्यांचं तत्त्वज्ञान मला अजून पाठ आहे. "बाळांनो," ते म्हणत, "वीस वर्षं तुम्ही धूर आत घेतलात. तो काय, सगळा बाहेर गेला? निम्मा आत राहिला. जोवर तुम्ही ओढत होता, तोवर नवा धूर आत येई, जुन्याला भेटे, दोघं हातात हात घालून बाहेर पडत. आता तुम्ही दार लावून घेतलंत. आतला धूर झाला बेवारस. त्याला ना आई, ना बाप. मग तो कमरेपाशी बसतो आणि जेवायला मागतो. तुम्हाला भूक लागत नाही, बाळांनो. त्याला लागते."

हे शेवटचं वाक्य लोकांना फार आवडे. चार पोळ्या जास्त खाऊन त्या धुराच्या नावावर घालण्याची सोय कुणाला नको असते?

आमचे हे शिंपी होते. दुकान खाली, बिऱ्हाड वर, मध्ये अकरा पायऱ्या. सिगारेट ओढत होते तेव्हा त्या अकरा पायऱ्या चढताना ते दोनदा थांबत, आणि थांबायचं कारण म्हणून भिंतीचा रंग तपासत. "इथे पोपडा आलाय," म्हणत. पोपडा कुठेच नव्हता. शेवटी एकदा खोकताना रुमालावर लाल ठिपके पडले, तेव्हा मी त्यांना धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छाती ऐकली, छातीचा एक्स-रे काढायला लावला, आणि सांगितलं की अजून वेळ गेलेली नाही, पण आणखी एक वर्ष ओढलीत तर मला दुसरं बोलावं लागेल. त्या 'दुसरं' म्हणाल्या तेव्हा आमच्या ह्यांनी माझा हात घट्ट धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदाच.

त्यांनी सिगारेट सोडली ती मात्र मर्दासारखी. म्हणजे पहिले पंधरा दिवस रोज भांडले, आणि मग तोंडात काहीतरी हवं म्हणून कापडावर खुणा करायचा निळा खडू ओठात धरू लागले. गिऱ्हाइकं निळ्या ओठांच्या शिंप्याला घाबरू लागली, तेव्हा खडू सोडून शेंगदाणे आले, मग बिस्किटं, मग माझ्या डब्यातली साखर. चार महिन्यांत पाच किलो वाढले. कमर चौतीसची सदतीस झाली. मीच त्यांच्या विजारी उसवून सैल करत होते, म्हणून आकडा मला पक्का ठाऊक. पण अकरा पायऱ्या ते एका दमात चढू लागले होते, आणि मला त्या सदतीस इंचांतला एकेक इंच सोन्यासारखा वाटत होता.

त्यांना वाटत नव्हता. शिंप्याच्या पोटाची लोक जास्त टर उडवतात. न्हावी म्हणे, "मास्तर, स्वतःचं कापड वाढवताय वाटतं." हे हसत आणि घरी येऊन बिस्किटांचा डबा उघडत.

घरात तिसरं माणूस म्हणजे माझी नणंद. वन्संनी लग्न केलं नव्हतं. दुकानातली इस्त्री त्यांच्याकडे होती, आणि जगाबद्दलची सगळी मतंही त्याच तापमानाला असत. वन्संना दर वर्षी एक चमत्कारिक त्रास व्हायचा. थंडी सरताना आमच्या रस्त्याकडेच्या भूर्जाच्या झाडांना पिवळे लोंबते तुरे येत, हात लावला की त्यांतून पिवळी भुकटी उडे. त्या दिवसांत वन्संनी सफरचंद चावलं की ओठ आणि टाळू खाजायला लागे, जिभेवर मुंग्या येत. शिंकाही असत. त्या सफरचंदाला शिव्या देत आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरून जात.

ही गोष्ट वन्संनी कुठल्यातरी बुधवारी महाराजांना सांगितली. महाराजांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की ही बाई साधी नाही. हिच्या भावानं सोडलेला बेवारस धूर घरातल्या फळांत शिरतो आणि हिच्या शुद्ध जिभेला तो कळतो. लाखात एखादीची अशी जीभ असते. मग त्यांनी एक सफरचंद तांब्याच्या बंद भांड्यात, उकळत्या पाण्यावर, एकशे आठ मंत्र संपेपर्यंत ठेवलं. ते बाहेर काढून, जरा निववून, वन्संना दिलं. वन्संनी खाल्लं. खाज नाही, मुंग्या नाहीत. बायकांनी त्यांच्या पायांना हात लावले.

त्या दिवसापासून वन्सं 'जिव्हासिद्धा' झाल्या. इस्त्री करताना मान ताठ ठेवू लागल्या. मी चहा दिला तर आधी जिभेचं टोक लावून बघत आणि म्हणत, "साखरेत काही नाही, वहिनी." मी म्हणे, साखरच नाहीये, भावानं संपवलीय.

आता ज्यांच्या बहिणीची जीभ सिद्ध, ते भाऊ किती दिवस लांब राहणार? एका रविवारी आमचे हे महाराजांपुढे उभे राहिले. माझ्या पाठीत उसण भरली होती म्हणून मी घरी होते. दुपारी दोघं आले ते वरातीसारखे. मंत्राआधी एकोणचाळीस, मंत्रानंतर सदतीस.

मी म्हटलं, "अहो, शनिवारी मी तुमची विजार सदतीसचीच केलीय."

ते म्हणाले की शनिवारची गोष्ट वेगळी, धूर रविवारी सकाळी फुगला असणार. मी आपली पट्टी आणून माप घेतलं. सदतीस. "बघ," ते विजयानं म्हणाले, "महाराजांचं माप घरच्या पट्टीवरही तंतोतंत." आणि खरंच, त्या रस्त्यावर जो तो घरी जाऊन स्वतःला मोजून बघे, आणि महाराजांचा दुसरा आकडा दर वेळी बरोबर निघे. त्यामुळे अविश्वासाला जागाच उरली नव्हती. पहिला आकडा कुणाकडेच नव्हता, कारण आपली कमर किती हे शिंप्याच्या घरातली माणसं सोडली तर कोण लक्षात ठेवतं?

तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही, कारण त्याच आठवड्यात 'माया' प्रकरण झालं.

महाराजांनी ह्यांच्या मस्तकावर हात ठेवून एकच उपदेश केला होता, "माया सोड." आता शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जादा कापड, पुढेमागे उसवून वाढवता यावं म्हणून. माया सोडणं म्हणजे ते कापड राखणं. महाराज संसाराबद्दल बोलले, आमच्या ह्यांनी ते विजारीबद्दल ऐकलं. नेहमी अर्धा-पाऊण इंच माया सोडणारा माणूस त्या आठवड्यात सगळीकडे तीन-तीन इंच सोडू लागला. मी विचारलं तर म्हणाले, "गुरूची आज्ञा."

शुक्रवारी पोस्टमन दुकानात आला. नवी विजार घालून आला होता, पण चालत होता उशी बांधल्यासारखा. बसायला सांगितलं तर म्हणाला, मी उभाच आहे, पण माझा मागचा भाग मघाशीच बसलाय. हे त्याला समजावू लागले की ही माया आहे, महाराजांच्या आशीर्वादाची आहे. पोस्टमन शांतपणे म्हणाला, "मास्तर, मग ही महाराजांनाच घाला. मला माझ्या मापाची द्या."

मला हसू आवरेना. वन्संही इस्त्रीमागे तोंड लपवून हसल्या. पण त्याच संध्याकाळी हे मला म्हणाले की येत्या रविवारी महाराज त्यांना धूरकाडी देणार आहेत, आणि माझं हसू जागच्या जागी थिजलं.

धूरकाडी म्हणजे महाराजांचा शेवटचा उपाय. पांढऱ्या कागदात वळलेली बोटाएवढी कांडी, लाल दोऱ्यानं बांधलेल्या पुडीत मिळे. रोज सकाळी तीन झुरके घ्यायचे. नवा धूर आत जातो, बेवारस धुराचा हात धरतो आणि त्याला बाहेर आणतो. पाववाल्यानं पंधरा दिवसांपूर्वी ती सुरू केली होती. तो आता तीनवर थांबत नव्हता. त्याच्या दुकानासमोरून जाताना पावापेक्षा तोच जास्त भाजल्याचा वास येई.

मी म्हटलं, "अहो, ही सिगारेटच झाली."

"औषध आहे," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. तेव्हा मला कळलं. ह्यांना बारीक व्हायचंच नव्हतं. ह्यांना कुणीतरी मोठ्या माणसानं परवानगी द्यायला हवी होती.

शनिवारी सकाळीच मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या कुणाच्या तरी कानात पिचकारी मारत होत्या. तसंच ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या की वजन वाढणारच, पुष्कळांचं वाढतं. तंबाखू भूक मारते आणि शरीराची आग थोडी भडकती ठेवते. ती गेली की भूक परत येते, जिभेला चव परत येते, आणि हातांना तोंडाशी काहीतरी न्यायची सवय असतेच. पहिल्या वर्षात चार-पाच किलो हा काही भुताटकीचा आकडा नाही. चालायला लावा, साखरेचा डबा वर ठेवा, बाकी हळूहळू बघू. छातीला ते पाच किलो जड नाहीत, एक झुरका जड आहे.

मी विचारलं, मग वन्संच्या सफरचंदाचं काय? त्यांनी पिचकारी खाली ठेवली.

"तुम्ही घरी सफरचंद शिजवता कधी?"

शिजवते की, म्हटलं, साखर घालून, दर वर्षी.

"तेव्हा त्यांना खाज येते?"

मी आठवू लागले. वन्सं वाटीभर खात, वाटी चाटून पुसून ठेवत. कधीही काही झालं नव्हतं. वीस वर्षं मी ते बघत होते आणि मला दिसलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी महाराजांच्या उद्याच्या बैठकीची वेळ विचारून घेतली. येताना मी सभागृहाखालच्या लाँड्रीवालीकडे थांबले. ती माझी मैत्रीण. तिनं सांगितलं की दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत महाराजांचं सामानाचं तबक वरच कुलपात असतं, आणि किल्ली तिच्याकडे. आम्ही दोघी वर गेलो. तबकात दोन पट्ट्या गुंडाळून ठेवलेल्या. पिवळ्या, जुन्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीच्या टोकाला पितळेचा चपटा पत्रा होता, जसा प्रत्येक टेपला असतो. दुसरीला नव्हता. टोक कापून, बारीक दुमडून, हातशिलाईनं शिवलेलं. शिलाईही बेतास बात. मी तिच्यावरचा पहिला आकडा वाचला आणि सगळा खेळ उलगडला. मग लाँड्रीवालीला समजावलं. ती इतकी हसली की खालून तिच्या नवऱ्यानं काय झालं म्हणून हाक मारली. पट्ट्या होत्या तशा ठेवून आम्ही उतरलो.

खरं तर घरी जाऊन ह्यांना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण ज्या माणसाला फसायचंच आहे त्याला खासगीत सांगून उपयोग नसतो. तो म्हणतो, तुझा गैरसमज झाला. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावावं लागतं, आणि तेही चारचौघांत.

रविवारी सभागृह खचाखच भरलं. महाराज भगवे नव्हे, राखाडी घालत. धुराचा रंग म्हणे. आमचे हे पुढच्या रांगेत, शेजारी वन्सं. तबकात लाल दोऱ्याची पुडी तयार. महाराज म्हणाले, आज या बाळाचा बेवारस धूर आपण घरी पोहोचवणार. मी उठले.

"महाराज, आमच्या ह्यांचं माप घ्यायच्या आधी या खांबाचं घ्या," मी म्हटलं. सभागृहाच्या मध्ये एक गोल लाकडी खांब होता.

लोक माझ्याकडे वळले. महाराज मंद हसले. म्हणाले, माई, खांब विडी ओढत नाही.

"म्हणूनच," मी म्हटलं. "त्याच्यात धूर नाही, तेव्हा मंत्रानं तो बारीक व्हायला नको." आणि ते काही बोलायच्या आत तबकातली बिनपत्र्याची पट्टी उचलून खांबाला गुंडाळली. एक्केचाळीस. न्हाव्याला बोलावून वाचायला लावलं. मग मंत्र मीच म्हटला, सगळा, 'कमरेवरचा उतर भारा' पर्यंत, आणि पत्र्याची पट्टी गुंडाळली. एकोणचाळीस.

सभागृहात कुजबुज झाली. मला वाटलं, जिंकले. पण महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी खांबावर मायेनं हात फिरवला आणि म्हणाले, "बिचारा. याला टेकून किती जणांनी ओढल्या असतील. यालाही बाधा आहे, बाळांनो. आज हाही मुक्त झाला."

आणि काय सांगू, निम्म्या सभागृहानं माना डोलावल्या. न्हावी गहिवरून म्हणाला, "मीच ओढायचो इथं टेकून." ग्रंथपालबाईंनी खांबाला नमस्कार केला.

मी क्षणभर पार खचले. मग लाँड्रीवाली मागून ओरडली की उलट करून बघ. मी आधी पत्र्याची पट्टी गुंडाळली, एकोणचाळीस. मंत्र म्हटला. मग बिनपत्र्याची. एक्केचाळीस.

"अगंबाई," लाँड्रीवाली म्हणाली, "मंत्रानं खांबाचं पोट सुटलं."

पहिला हसला तो पोस्टमन. मग हसू रांगेरांगेनं मागे गेलं. पण मी लोकांकडे बघतच नव्हते. मी ह्यांच्याकडे बघत होते. ते उठून माझ्याजवळ आले, माझ्या हातातल्या दोन्ही पट्ट्या घेतल्या आणि तिथंच बसून सवयीनं मांडीवर शेजारी शेजारी ठेवून ताणल्या, दुकानात ठेवतात तशा. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. भक्ताचा चेहरा गेला आणि शिंप्याचा आला.

"ही दोनपासून सुरू होते," ते म्हणाले.

महाराज म्हणाले, जुनी पट्टी आहे, झिजली असेल.

"माझ्या उस्तादांचीही टेप झिजलेली आहे. तिचेही दोन इंच गेलेत. पण आम्ही मोजताना दोन वजा करतो. दुकानातल्या प्रत्येकाला ते पाठ आहे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही लोकांच्या कमरेला आधी दोन इंच शिवता आणि मग उसवून दाखवता. मंत्र-बिंत्र तुमचा तुम्हाला लखलाभ. माप चोरायचं नसतं, महाराज."

मला वाटतं, पोट, छाती, बायको, कशासाठीही ते त्या माणसाविरुद्ध उभे राहिले नसते. मापासाठी राहिले.

पाववाला उठला आणि त्यानं सावकाश विचारलं, म्हणजे मी आधीपासूनच चव्वेचाळीस होतो? कुणीतरी हो म्हटलं. तो म्हणाला, "आणि मी त्या आनंदात पंधरा दिवस विड्या ओढतोय."

एवढ्यात वन्सं उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते. "पट्टी खोटी असेल," त्या म्हणाल्या, "पण माझ्या जिभेचं काय? ते तर माझं मला कळत होतं."

डॉक्टरीणबाई दाराशी डबा घेऊन उभ्याच होत्या. त्या पुढे आल्या. डब्यात घरच्या पातेल्यात, मंत्राशिवाय शिजवलेल्या सफरचंदाच्या फोडी. त्या शिजत असताना डॉक्टरीणबाई आपल्या मोलकरणीशी भांडत होत्या, असं त्यांनी मुद्दाम सांगितलं. वन्संनी एक फोड खाल्ली. दुसरी खाल्ली. सगळे त्यांच्या ओठांकडे बघत होते. काहीही झालं नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं, वन्संचा हात हातात घेऊन. बाहेर भूर्जाची भुकटी उडते, ती झाडाचे परागकण. तुमच्या शरीरानं त्यांच्याशी वैर धरलंय, म्हणून शिंका. सफरचंदात एक द्रव्य असतं, ते त्या परागकणांतल्या द्रव्यासारखंच दिसतं, चुलत भावासारखं. शरीर फसतं, समजतं शत्रूच आला, आणि तोंड खाजू लागतं. शिजवलं की त्या द्रव्याची घडी मोडते, मग शरीर त्याला ओळखत नाही. महाराजांच्या भांड्यात एकशे आठ मंत्र लागले म्हणजे वीसेक मिनिटं वाफ लागली. तेवढ्यात बटाटाही शिजला असता. कच्चं मात्र या दिवसांत खाऊ नका, आणि कधी घसा सुजला किंवा श्वास अडला तर तसेच धावत माझ्याकडे या, तेव्हा गंमत नाही.

वन्संनी हळूच विचारलं, "म्हणजे मी कुणी नाहीच का?"

"आहात की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या रस्त्यावर शंभर जण ती भुकटी नाकात घेतात, त्यांतल्या थोड्यांनाच ती बाधते, आणि त्यांतही सफरचंदानं सगळ्यांनाच नाही. मी तुमची नीट नोंद करणार आहे. उद्या या."

वन्संनी डोळे पुसले. नोंद होणार म्हटल्यावर त्यांना जरा बरं वाटलं असावं.

या गडबडीत महाराज जिन्यावरून खाली निसटले. पण त्यांची दुसरी कफनी लाँड्रीत धुवायला टाकलेली होती, आणि ती सोडून जायचं त्यांच्या जिवावर आलं. लाँड्रीवालीनं ती पिळून, थंडगार, तशीच त्यांच्या हातात दिली. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत मागे पाण्याची रेघ उमटत गेली. पुन्हा ते आमच्या रस्त्यावर दिसले नाहीत. दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर दिसले असतीलच. अशी माणसं बेवारस राहत नाहीत.

माझी भीती मात्र संपली नव्हती. घरी आल्यावर ह्यांनी खिशातून लाल दोऱ्याची पुडी काढली. गर्दीत तबकातून उचलली होती की काय, कोण जाणे. ते कापायच्या टेबलापाशी बसले, मोठ्या कात्रीनं एक कांडी उभी चिरली आणि कागद पसरला. आत दुसरं तिसरं काही नव्हतं, तंबाखू होती. त्यांनी वास घेतला. डोळे मिटले. बराच वेळ त्यांनी ती चिमूट नाकाशी धरून ठेवली, आणि मी शिलाई मशीनचं चाक घट्ट धरून उभी होते. मग त्यांनी सगळं कागदात गोळा केलं, वन्संच्या इस्त्रीच्या निखाऱ्यांत टाकलं आणि आम्ही तिघंही त्या धुरापासून लांब, दाराबाहेर जाऊन उभे राहिलो.

जरा वेळानं ते म्हणाले, "मला भूक लागलीय. मलाच लागलीय." मी आत जाऊन पोळ्या केल्या.

त्यानंतर ते तेवीस वर्षं जगले. कमर एकदा अडतीसपर्यंत गेली, मग रोजच्या चालण्यानं छत्तीसवर येऊन स्थिरावली, त्याच्या खाली कधीच आली नाही. पाववाल्याला पुन्हा सोडवायला डॉक्टरीणबाईंना दोन वर्षं लागली. त्या पंधरा दिवसांची किंमत ती.

मला लोक विचारतात, तुम्ही एवढ्या शहाण्या, मग तुमच्या घरातली माणसं कशी फसली? मी म्हणते, शहाणी माणसंही फसतात, कारण दुखतं सगळ्यांनाच. कुणाला पोटाची लाज वाटते, कुणाला आपण कुणीतरी असावं वाटतं, कुणाला एक झुरका हवा असतो. फसण्यात लाज नाही. पण कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला तर दोन साधी कामं करा. तो नसतानाही तसंच होतं का, हे घरी करून बघा. आणि त्याच्या हातातली वस्तू स्वतःच्या हातात मागून घ्या. खरा माणूस देईल. जो देत नाही त्याच्याकडून औषध घेऊ नका, मग त्यानं ते कितीही सुंदर दोऱ्यानं बांधलेलं असो. आणि सिगारेट सोडून पोट सुटलं असेल तर डॉक्टरांकडे जा, पायी जा.